कीपर निवडायचा कशावर, बॅटवर की ग्लोव्हजवर? सोलापुरातल्या कप्तानांचे, पालकांचे आणि पोरांचे नेहमीचे प्रश्न

सीझन तोंडावर आला की संघांच्या याद्या निघतात, आणि यादीत सगळ्यात जास्त खाडाखोड कीपरच्या (विकेटकीपरच्या) जागेवर होते. ओपनर ठरलेले असतात, बॉलर मोजकेच असतात. कीपर म्हटलं की कप्तान एकीकडे, कोच दुसरीकडे आणि पोराचे वडील तिसरीकडे. मैदानात, फोनवर, अगदी लग्नाच्या पंगतीतही विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केलेत. लिहिणारा पूर्वी कीपिंग करायचा आणि आता स्कोअरबुक लिहितो. उत्तरं एका बाजूला झुकलेली वाटली तर त्याचं कारण हे.

मालक, घोळ नको. एका दमात सांगा: बॅटिंग बघायची की कीपिंग?

आधी कीपिंगमध्ये पास व्हायला पाहिजे. जे पास झाले, त्यांच्यात बॅटिंगवर नंबर लावायचा.

पास होण्याची रेघ मात्र सगळ्या संघांना एकच नसते. ज्यांच्याकडे तीन मीडियम पेसर आहेत आणि कीपर दिवसभर मागे, स्टंपपासून लांब उभा असतो, त्यांची रेघ खाली. ज्यांच्या चाळीसपैकी पंचवीस ओव्हर स्पिनर टाकतात, त्यांची बरीच वर. आपल्याकडचे बहुतेक संघ दुसऱ्या प्रकारात मोडतात आणि कीपर निवडताना मात्र पहिल्या प्रकारातले असल्यासारखे निवडतात. सगळी भानगड तिथे आहे.

पण गिलख्रिस्टनंतर हा वाद मिटला ना?

मिटला नाही, अपेक्षा मात्र वाढल्या. नोव्हेंबर १९९९ मध्ये ॲडम गिलख्रिस्ट पहिली कसोटी खेळला ती ब्रिस्बेनला, म्हणजे इयन हिलीच्या घरच्या मैदानावर. ११९ कसोटी खेळलेला आपला माणूस बाहेर आणि हा नवा आत, हे तिथल्या लोकांना रुचलं नव्हतं. दुसऱ्याच कसोटीत, होबार्टला, ३६९ धावांचा पाठलाग करताना लँगरच्या साथीनं त्यानं नाबाद १४९ ठोकल्या आणि तोंडं बंद झाली. पुढे ९६ कसोटींत १७ शतकं आणि ४७ च्या वरची सरासरी. मग काय, जगभरच्या निवड समित्या आपापला गिलख्रिस्ट शोधायला निघाल्या.

त्या गडबडीत एक गोष्ट मागे पडली. याच माणसाच्या नावावर कसोटीत कीपर म्हणून ४१६ बळी आहेत, आणि शेन वॉर्नला तो वर्षानुवर्षं स्टंपला लागून उभा राहिला. कीपिंग कसंबसं चालवून घ्यावं लागलेला बॅट्समन तो नव्हता. नक्कल करणाऱ्यांनी त्यातला अर्धाच भाग उचलला.

आणि हे प्रकरण त्याच्यापासून सुरू झालेलंही नाही. इंग्लंडनं १९३० च्या दशकात जॉर्ज डकवर्थला मागे ठेवून लेस एम्सला खेळवलं ते बॅटसाठीच. ४७ कसोटींत एम्सची सरासरी ४० च्या वर गेली. पण गंमत बघा, प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये सर्वाधिक स्टंपिंगचा (क्रीजबाहेर गेलेल्या बॅट्समनच्या बेल्स उडवण्याचा) विक्रम याच ‘बॅट्समन’ कीपरच्या नावावर आहे: ४१८.

आपल्या देशात नुसत्या कीपिंगवर कुणी खेळलंय का?

नरेन ताम्हाणे. मुंबईचे. २१ कसोटींत ५१ बळी आणि त्यातले १६ स्टंपिंग, म्हणजे जवळजवळ दर तीन बळींमागे एक. बॅटिंगची सरासरी दहाच्या आसपास. आजच्या कुठल्याही सिलेक्शन मीटिंगमध्ये हा आकडा वाचला तर पुढचं नाव घ्या म्हणतील. पण त्या संघात सुभाष गुप्ते लेगस्पिन टाकत होते. गुप्तेंचा चेंडू कुठे वळणार हे बॅट्समनला कळत नसेल तर कीपरला कळायलाच हवं, नाहीतर त्या बॉलिंगचा उपयोग काय? आणि धावा करायला पॉली उम्रीगर होते की. (उम्रीगर यांचा जन्म सोलापूरचा, १९२६ चा. हे आपल्याकडच्या निम्म्या पोरांना माहीत नसतं.)

नंतर बुधी कुंदरन आले. १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध १९२ करणारे. मग फारुख इंजिनीअर, १९६७ मध्ये त्याच मद्रासला वेस्ट इंडिजविरुद्ध लंचच्या आधी ९४. म्हणजे बॅटिंगवाला कीपर ही आयपीएलची देणगी आहे असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका. दोन्ही पंथ आपल्याकडे जुने आहेत.

सय्यद किरमाणी मधल्या वाटेवरचे. ८८ कसोटी, १९८ बळी. १९८३ च्या विश्वचषकात झिंबाब्वेविरुद्ध कपिलच्या नाबाद १७५ सगळ्यांना पाठ असतात. दुसऱ्या टोकाला किरमाणी नाबाद २४ वर उभे होते आणि दोघांनी नवव्या विकेटसाठी न तुटता १२६ जोडल्या. कीपरची बॅटिंग म्हणजे प्रत्येक वेळी षटकारच नव्हे. समीर दिघे बघा. मार्च २००१, चेन्नई, ऑस्ट्रेलिया, पहिलीच कसोटी, जिंकायला १५५ आणि विकेट धडाधड पडतायत. दिघे नाबाद २२. या बावीस धावा सरासरीत कुठे दिसत नाहीत, पण त्या मालिकेचा शेवट त्यांनीच केला.

हिशोबानं पटवून द्या. माझ्याकडच्या दोघांत बॅटिंगचा बारा धावांचा फरक आहे.

चला, करू.

पहिल्याची सरासरी २८ धरू, दुसऱ्याची १६. एका डावाच्या सामन्यात फरक बारा धावांचा. त्यातही तो सातव्या नंबरवर येत असेल तर कधी बॅटिंगच येत नाही, कधी शेवटचे तीन ओव्हर मिळतात. पण पूर्ण बारा धरू, पहिल्याला झुकतं माप देऊ.

आता समोरच्या संघाचा तीन नंबर. त्याची सरासरी ३०. तो ५ वर असताना स्टंपिंग सुटलं. सुटल्यावर तो जवळपास नव्यानंच खेळायला लागतो, म्हणजे आणखी पंचवीस-तीस धावा धरायला हरकत नाही. मग पहिला कीपर दुसऱ्यापेक्षा दर दोन सामन्यांत एक संधी जास्त सोडत असेल, तर सामन्यामागे बारा-पंधरा धावा तिकडेच गेल्या. हिशोब बरोबरीत. प्रत्येक सामन्यात एक जास्त सोडत असेल तर तो तुम्हाला तोट्यात घालतोय, मग त्यानं अर्धशतक मारून बॅट उंचावली तरी.

उलटही तितकंच खरं आहे. दोघं सारख्याच संधी सोडत असतील तर चर्चा कसली? २८ वाला घ्या आणि चहा प्यायला चला.

अडचण अशी की पहिला आकडा, बॅटिंगचा, तुमच्या वहीत आहे. दुसरा कुणीच लिहिलेला नाही.

म्हणजे? स्कोअरबुकमध्ये सगळं असतं की.

नसतं. ऑफस्पिनर टाकतोय. चेंडू लेग स्टंपच्या बाहेर पडून आणखी आत वळतो, बॅट्समन पुढे येऊन चुकतो, क्रीजच्या हातभर बाहेर. कीपर उशिरा सरकतो, चेंडू डाव्या ग्लोव्हजच्या कडेला लागून फाइन लेगकडे जातो, एक धाव. वहीत काय उमटतं? बायची, म्हणजे बॅटला न लागता मिळालेली, एक धाव. बस्स. पुढच्या ओव्हरमध्ये तोच बॅट्समन त्याच बॉलरला दोन चौकार आणि एक सिक्स मारतो. ते वहीत बॉलरच्या नावावर ठळक लिहिलं जातं. बॅटची कड (एज) लागून झेल सुटला असता तर बायही नाही, नुसता ठिपका.

संध्याकाळी वही निवडणाऱ्यांसमोर येते. ऑफस्पिनर: आठ ओव्हर, ५२ धावा, शून्य विकेट. कीपर: नाबाद २३. पुढच्या सामन्याला कोण बाहेर बसतो, सांगायला नको. कीपरची चूक बॉलरच्या खात्यात जमा होते आणि बॅटिंग-की-कीपिंगच्या सगळ्या भांडणात बॅटिंग जिंकते ती मुळात यामुळे.

उपाय फुकटचा आहे. वहीच्या मागच्या पानावर तीन रकाने पाडा: संधी आली, घेतली, सोडली. सोडलेल्यापुढे सोपी, मधली किंवा अवघड एवढं एका अक्षरात. कुणाच्या बॉलिंगवर तेही लिहा. लिहिणारा कीपरचा जिवलग मित्र नसावा, एवढं बघा. चार-सहा सामन्यांत चित्र दिसायला लागतं, आणि बऱ्याच कप्तानांचा चेहरा ते पान बघताना पडतो.

मी तो ऑफस्पिनरच आहे. मी काय करू, दादा?

कप्तानाला हे पान दाखव. कीपरशी भांडू नकोस. नेटमध्ये त्याला रोज पंधरा मिनिटं टाक, तुझा सरळ जाणारा चेंडू कुठल्या हातवाऱ्यातून येतो ते त्याला दाखव. तुझा चेंडू त्याला वाचता येत नसेल तर निम्मा दोष तुम्हा दोघांच्या न बोलण्याचा आहे.

सोलापूरच्या विकेटवर (खेळपट्टीवर) असं काय वेगळं आहे?

काळी माती, पाणी कमी, ऊन भरपूर. विकेट कोरडी पडते, चेंडू जुना होत जातो तसा खाली राहतो. जानेवारीतल्या सकाळी, गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत, पहिला तासभर सीमर मजेत असतात. त्यानंतर दिवस स्पिनचा. एप्रिल-मेमध्ये तर पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा मीडियम पेसरकडून लांब स्पेल मागणं म्हणजे माणुसकी सोडणं.

आता खाली राहणारा चेंडू कीपरसाठी काय करतो ते बघा. टीव्हीवर ऑस्ट्रेलियातला कीपर चेंडू छातीजवळ, बोटं वर करून घेतो. आपला पोरगा तेच शिकतो. इथे तोच चेंडू गुडघ्याखाली येतो. लवकर उठलेला कीपर मेला. चेंडू त्याच्या ग्लोव्हजखालून जातो. इथे बसून राहायचं, चेंडू टप्पा खाऊन जितका उठेल तितकंच उठायचं. हे मांड्यांचं काम आहे. ५० ओव्हर म्हणजे कमीत कमी ३०० वेळा बसणं-उठणं, तेही त्या उन्हात. चाळिसाव्या ओव्हरला जो अजून खाली बसतोय, तो कीपर. जो कमरेत वाकून भागवतोय, त्याच्याकडे त्या वेळी आलेली संधी सुटणार, लिहून घ्या.

मॅटवर खेळता तेव्हा प्रश्न उलटा: उसळी जास्त आणि कडेवर पडला की कुठेही. जानेवारी २०२४ मध्ये पार्क मैदानावर महाराष्ट्र-मणिपूर रणजी सामना झाला तेव्हा आमच्यातले जे कीपर बघायला बसले होते त्यांना सांगितलं होतं की चेंडू बघू नका, कीपरचे पाय बघा. दोघातिघांनी खरंच बघितले. बाकीचे सेल्फीत.

पंत की साहा?

या प्रश्नाशिवाय एकही दिवस जात नाही, आणि याचं उत्तर एकाच सामन्यात मिळतं: सिडनी, जानेवारी २०२१.

मागची कथा आधी. २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिका भारतात आली तेव्हा विराट कोहलीनं पंतला बसवून वृद्धिमान साहाला घेतलं, कारण घरच्या विकेट. पुण्यात गहुंजेला साहानं लेग साइडला उमेश यादवच्या बॉलिंगवर डि ब्रुइनचा जो झेल घेतला, तो आजही पोरांना दाखवावा असा आहे. मग ऑस्ट्रेलिया. ॲडलेडला संघ ३६ मध्ये गारद आणि साहा बाहेर, पंत आत. साहाचा त्या ३६ मधला वाटा बाकीच्यांइतकाच होता. पण अशा वेळी कुऱ्हाड कीपरवर आधी पडते.

सिडनीला पंतनं ऑस्ट्रेलियाकडून पदार्पण करणाऱ्या पुकोवस्कीला दोनदा सोडलं, एकदा अश्विनच्या, एकदा सिराजच्या बॉलिंगवर. २६ वर पहिल्यांदा. तो ६२ पर्यंत गेला. म्हणजे ३६ धावांची किंमत. नंतर बॅटिंग करताना पंतच्या कोपराला चेंडू लागला आणि दुसऱ्या डावात ग्लोव्हज घालून साहा आला, बदली म्हणून. २०१७ च्या नियमबदलानंतर बदली खेळाडूला अंपायरच्या परवानगीनं कीपिंग करता येतं, तो नियम इथे कामी आला. साहानं झेलही घेतले. आणि शेवटच्या दिवशी पंतनं त्याच दुखऱ्या कोपरानं ९७ मारल्या.

थोडक्यात, त्या कसोटीत भारताला दोघंही मिळाले. असं भाग्य पुन्हा कुणाला मिळत नाही, म्हणून निवडावं लागतं. ऑस्ट्रेलियाच्या उसळत्या विकेटवर, मागे उभं राहायचं असताना, पंतच बरोबर होता. पुढच्याच सामन्यात ब्रिस्बेनला त्याच्या नाबाद ८९ नं मालिका जिंकून दिली. पुण्या-चेन्नईच्या फिरत्या विकेटवर त्या वेळचा साहाच बरोबर होता. ‘त्या वेळचा’ म्हणतोय, कारण पंत नंतर कीपिंगमध्ये बराच सुधारला. हात सुधारतात, हे त्यातून घ्यायचं.

विक्रमांवरून काही ठरत नाही का?

ठरतं, पण विक्रम नीट वाचावा लागतो. एका कसोटीत कीपरनं सर्वाधिक ११ बळी घेतलेत, आणि ते तिघांनी: जॅक रसेल, जोहान्सबर्ग १९९५, ए. बी. डिव्हिलियर्स, जोहान्सबर्ग २०१३. ऋषभ पंत, ॲडलेड २०१८. एक जातिवंत कीपर, ज्याला इंग्लंडनं पुढे ॲलेक स्टुअर्टच्या बॅटसाठी वारंवार बसवलं. दुसरा जगातला अव्वल बॅट्समन, ज्याला कीपिंग हे जादा काम होतं. तिसरा एकवीस वर्षांचा पोरगा, ज्याच्या कीपिंगवर तेव्हा रोज टीका होत होती. तिघांचा आकडा एकच, कारण बहुतेक वेळा मागे उभं राहून वेगवान बॉलरच्या एज पकडायच्या होत्या. ते काम कठीण आहे, पण चांगला फील्डर शिकू शकतो.

आता दुसरा विक्रम. मद्रास, जानेवारी १९८८, नरेंद्र हिरवाणीची पहिली कसोटी, १३६ धावांत १६ विकेट. त्या सामन्यात किरण मोरेंनी सहा स्टंपिंग केली, त्यातली पाच एकाच डावात. रिचर्ड्सचा वेस्ट इंडिज समोर, विकेट भुसभुशीत, चेंडू हातभर वळतोय. तिथे एखाद्या बॅट्समनला ग्लोव्हज घालून उभा केला असता तर हिरवाणीच्या सोळा झाल्या असत्या का? मला नाही वाटत.

एकाच कीपरनं दोन्ही बाजू सिद्ध केल्यात असं कुणी आहे का?

कामरान अकमल. २००६ मध्ये कराचीला इरफान पठाणनं पहिल्याच ओव्हरला हॅटट्रिक घेतली, पाकिस्तान ६ बाद ३९. तिथून अकमलनं ११३ मारल्या आणि आपण ती कसोटी ३४१ धावांनी हरलो. २०१० च्या जानेवारीत सिडनीला पाकिस्तानकडे पहिल्या डावाची २०६ धावांची आघाडी होती. दुसऱ्या डावात दानिश कनेरियाच्या बॉलिंगवर अकमलनं मायकेल हसीला तीनदा सोडलं. हसी नाबाद १३४. पाकिस्तान ३६ धावांनी हरला. लेगस्पिनर, स्टंपला लागून उभा कीपर, सुटलेल्या एज. परत तेच.

आमचा सगळ्यात चांगला बॅट्समन कीपिंगही करतो. करू द्यावं ना? एक जास्त बॉलर खेळवता येतो.

जरा थांबा. कुमार संगकाराची कसोटी सरासरी कीपर म्हणून ४० च्या आसपास होती. ग्लोव्हज काढले आणि नुसती बॅटिंग केली तेव्हा ६६ च्या वर. ॲलेक स्टुअर्टची ४६ वरून कीपिंग करताना ३५ च्या खाली यायची. दिवसभर उठाबशा काढून मग नवा चेंडू खेळायचा, हे शरीराला परवडत नाही. तुमचा एक नंबरचा बॅट्समन कीपर केलात तर बॉलर मिळेल, पण बॅट्समन पाऊण उरेल.

वनडेत गणित वेगळं. २००३ च्या विश्वचषकात राहुल द्रविडनं ग्लोव्हज घातले, पार्थिव पटेल बाहेर बसला, भारत सात बॅट्समन खेळवून फायनलला गेला. के. एल. राहुलनं २०२३ च्या विश्वचषकात तेच केलं. पण कसोटीत, २०२४ च्या सुरुवातीला इंग्लंड भारतात आलं तेव्हा राहुल कीपिंग करणार नाही हे खुद्द कोच द्रविडनंच सांगून टाकलं. स्वतः ते करून बघितलेल्या माणसानं दिलेला हा निकाल आहे. आधी के. एस. भरत खेळला, मग राजकोटपासून ध्रुव जुरेल, आणि रांचीला जुरेलनं ९० आणि नाबाद ३९ करून दोन्ही प्रश्न एकदमच सोडवले.

टी-ट्वेंटीत आणि होम मैदानावरच्या टेनिस बॉलमध्ये?

बॅटिंग. टी-ट्वेंटीत सहाव्या-सातव्या नंबरला येऊन दहा चेंडूंत पंचवीस मारणारा कीपर सोन्याचा. अमरावतीच्या जितेश शर्मानं २०२५ च्या आयपीएलमध्ये लखनौविरुद्ध ३३ चेंडूंत नाबाद ८५ मारून बंगळूरला जो विजय मिळवून दिला, तो कुठल्याही स्टंपिंगनं मिळाला नसता. टेनिस बॉलला तर बरेच जण ग्लोव्हजशिवायच उभे राहतात. तिथल्या कीपिंगवरून लेदर बॉलचा कीपर निवडू नका, इतकंच.

माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. कीपर असल्यामुळे त्याला आठव्या नंबरवर पाठवतात. कीपिंग सोडायला लावू का, सर?

नका. अर्शिन कुलकर्णी सोलापुरातून १९ वर्षांखालील विश्वचषकाला गेला तेव्हापासून प्रत्येक बापाला घरात ऑलराउंडर हवाय, ते समजतं. पण तेराव्या वर्षी हात घडतात, आणि हे वय परत येत नाही. बॅटिंग सतराव्या वर्षीही कामाला लागून वाढवता येते. कोचशी बोला, सराव सामन्यांत वर पाठवायला सांगा. आठव्या नंबरवरच ठेवणार असतील तर नेटमध्ये जास्त बॅटिंग मागा. ही मागणी रास्त आहे.

आणि गुडघे दुखतात म्हणाला तर हसण्यावारी नेऊ नका. वाढीच्या वयात पोरांना तो त्रास होतो. विश्रांती आणि डॉक्टर.

मुलींच्या संघात हाच नियम?

हाच. रिचा घोष संघात आली ती फटक्यांसाठी, आणि तानिया भाटियासारखी हातांची कीपर मागे पडली. नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत विश्वचषक जिंकलेल्या संघात रिचाच कीपर होती, त्यामुळे त्या निर्णयावर आता कुणी बोट ठेवणार नाही. आपल्या जिल्ह्यात मात्र मुलींच्या बहुतेक सामन्यांत बॉलिंग स्पिनच असते. मुलीला आधी स्टंपला लागून उभं राहायला शिकवा.

ट्रायलला कीपर कसा बघायचा? दहा मिनिटंच मिळतात.

मागे उभं करून उड्या मारायला लावू नका. त्यात सगळेच छान दिसतात. स्पिनर लावा, समोर खराखुरा बॅट्समन ठेवा आणि त्याला सांगा, बॅट फिरव पण चेंडूला लावू नकोस. बारा चेंडू, त्यातले निम्मे लेगला. बॅट फिरताना कीपरचं डोकं मागे जातं का, डोळे मिटतात का, ते बघा. चेंडूआधी उठतो का बघा. ग्लोव्हजचा आवाज ऐका: चांगल्या हातात चेंडू थप्प करून मुरतो, कडक हातात टाळी वाजते. मग डीपवरून वाईट थ्रो मारायला लावा. त्या थ्रोला स्टंपपाशी पळत येऊन जो पोझिशन घेतो, त्याचं नाव लिहून ठेवा. तोंडानं बडबड किती करतो याला गुण नाहीत.

कप्तानाचा भाचा कीपर आहे. त्याचं काय?

मागच्या पानावरचे तीन रकाने. भाच्यालाही तेच.

नेट नाही, कोच नाही. घरी काय करू?

भिंत आणि टेनिस बॉल. टेनिस बॉल कडक हातातून उसळून बाहेर येतो, म्हणून तोच बरा. बसून, तीन-चार हातांवरून, आधी दोन्ही हातांनी, मग एकेका हातानं. त्यानंतर भिंतीजवळ जा. वेळ कमी मिळाला की पाय आपोआप हलायला लागतात. भावाला समोर बॅट हलवत उभा करता आला तर उत्तम. सकाळी सातच्या आत उरका, उन्हाळ्यात नंतर अंगणात उभं राहवत नाही.

नियमात पोरं कुठे चुकतात?

बॉलर चेंडू सोडतो तेव्हा ग्लोव्हज स्टंपच्या पुढे. चेंडू बॅटला किंवा बॅट्समनला लागेपर्यंत, किंवा स्टंप ओलांडेपर्यंत, कीपर पूर्णपणे मागेच हवा. नाहीतर नो बॉल, आणि नो बॉलवर स्टंपिंग मिळत नाही. वाइडवर मिळतं, हे मात्र पोरांना माहीत नसतं आणि चेंडू लांब गेला की स्टंप उडवायचं सोडून अंपायरकडे बघत बसतात. काढून ठेवलेलं हेल्मेट मागे जमिनीवर असेल आणि चेंडू त्याला लागला तर पाच धावा दंड.

ट्रायलला नवीन ग्लोव्हज आणू का?

नको. नवे ग्लोव्हज कडक असतात, चेंडू मुरत नाही. महिनाभर वापरून मऊ झालेलेच आणा. मापाचे हवेत; बोटांच्या टोकाशी मोकळी जागा राहिली तर तिथेच चेंडू लागून बोट मोडतं. जाळी फक्त अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मध्ये चालते, बाकी बोटं जोडलेली असतील तर अंपायर काढायला लावेल. इनरचे (ग्लोव्हजच्या आत घालायच्या पातळ हातमोज्यांचे) दोन जोड आणा, कारण पहिला जोड तासाभरात घामानं भिजतो आणि ओल्या इनरमध्ये ग्लोव्हज सरकतात. एक जोड कुंपणावर वाळत घालायचा, एक हातात. पोहोचायचं वॉर्मअपच्या अर्धा तास आधी, आणि गार्ड स्वतःचा.